दत्तक आलेल्या मुलाचे घर

मागील अंकात बालसंगोपन योजनेची माहिती दिली होती. त्यानंतर तीन-चार वाचकांचे फोन आले. त्यांतील दोन कुटुंबांना मूल नाही, वय पस्तिशी-चाळिशीचे, आणि दत्तक घेण्याचा विचार घरात चालू आहे. बाकीचे आपल्या कार्याचे जुने हितचिंतक. बोलणे कुठूनही सुरू झाले तरी प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येत होता: मोठे झाल्यावर ते मूल आपले राहील का? एका बाईंनी तर सरळच विचारले, "खरे कळल्यावर सोडून तर जाणार नाही ना?"

प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो आईवडिलांच्या बाजूने विचारलेला आहे. गेली अठरा वर्षे मी जालना जिल्ह्यात वस्त्यांवर आणि वसतिगृहांत काम करते. या काळात दत्तक गेलेली, काका-मामांनी वाढवलेली, बोर्डिंगमध्ये मोठी झालेली बरीच माणसे भेटली. त्यांतील काहीजण आज स्वतः आईबाप आहेत. तुमच्या लेखी घर म्हणजे काय, घरचे म्हणजे कोण, असे त्यांना विचारले की उत्तरे वेगळीच येतात. ती उत्तरे येथे मांडते. जोडीला कायदा काय म्हणतो तेही सांगावे लागेल, कारण ख्रिस्ती आणि आदिवासी या दोन्ही समाजांत कायद्याने या मुलांना बराच काळ दाराबाहेर ठेवले होते. ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांची नावे आणि ओळखीच्या खुणा मुद्दाम दिलेल्या नाहीत.

आधी शब्दाकडे पाहू. 'दत्तक' म्हणजे दिलेला. कोणी दिला आणि कशासाठी दिला, हे त्या शब्दातच आले. आपल्या महाराष्ट्रात दत्तकाच्या ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत त्या गादीच्या आहेत. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्यास दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेच आपले राजर्षी शाहू. त्याआधी १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक वारस नाकारून साताऱ्याचे राज्य खालसा केले. या सगळ्या गोष्टींत घराला मुलगा हवा होता. मुलाला घर हवे आहे म्हणून दत्तक घेतले, असे त्यांत कुठेच नाही. आज आपण दत्तकाकडे दुसऱ्या बाजूने पाहतो, पण जुनी सवय जात नाही. म्हणून तर पहिला प्रश्न येतो की ते आपले राहील का.

आता आमच्या मंडळीतील एका बाईंची हकिकत. १९८० च्या दशकात त्या एका संस्थेतून, वर्षाच्या आत, एका ख्रिस्ती जोडप्याच्या घरी आल्या. वडील शाळेत मास्तर, आई परिचारिका. लहानपणी त्यांना आपण दत्तक आहोत हे माहीत होते. आईने झोपवताना गोष्टीसारखे सांगितलेले. त्यामुळे त्यात धक्का असा कधी बसला नाही. शिक्षण झाले, नोकरी लागली, लग्न झाले, पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी आल्या. पुढे वडील वारले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. महिन्याभरात चुलतभाऊ घरी आले आणि म्हणाले, घरात आमचाही वाटा निघतो, कारण काकांना मूलबाळ नव्हते.

मूलबाळ नव्हते! ज्या बाईंनी बापाच्या पेटीवर पहिली माती टाकली, त्यांच्यासमोर हे वाक्य बोलले गेले. पण कायद्याने चुलतभावांचे बोलणे चुकीचे नव्हते. ते कसे, हे आपल्यातील पुष्कळांना माहीत नसते, म्हणून सविस्तर सांगते.

१९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी आहे. बौद्ध, जैन आणि शीख त्यात येतात. त्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि स्त्रीलाही स्वतःच्या नावे दत्तक घेता येऊ लागले, ही मोठी सुधारणा होती. पण ख्रिस्ती, मुसलमान, पारशी आणि यहुदी त्याच्या बाहेर राहिले. या समाजांतील कोणाला मूल घ्यायचे असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयातून पालकत्व घ्यावे लागे. न्यायालयाच्या हुकमात 'आई' आणि 'वडील' हे शब्द नसत. 'पालक' आणि 'पाल्य' असत. पाल्य सज्ञान झाले की पालकत्व संपले. वारसाहक्क आपोआप मिळत नसे. आपल्या लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात मृत्युपत्र नसेल आणि पोटचे मूलही नसेल, तर अर्धी मालमत्ता विधवेला आणि अर्धी नवऱ्याच्या रक्ताच्या नातेवाइकांना जाते. या घरात तेच झाले. अर्धे आईला, अर्धे पुतण्यांना. घर विकावे लागले. आईने मात्र शहाणपण केले. आपल्या वाट्याचे मृत्युपत्र लगेच मुलीच्या नावे लिहून नोंदवून घेतले.

मी त्या बाईंना विचारले, सर्वांत जास्त कशाचे वाईट वाटले? मला वाटले होते की घर गेल्याचे म्हणतील. त्या म्हणाल्या, "घराचे काही नाही हो. पप्पांची मी कोण, हे मला कागद काढून दाखवायला सांगितले. आणि मी कपाट उघडून कागद शोधला, त्याचे वाईट वाटले. त्यात पाल्य लिहिले होते."

दत्तक आलेल्या माणसाला घर म्हणजे काय हे मला त्या दिवशी जेवढे कळले तेवढे कुठल्या पुस्तकातून कळले नव्हते. आपण म्हणतो, प्रेम असले की पुरे, कागदाचे काय? ज्यांच्याकडे जन्मापासून कागद आहे त्यांना असे म्हणणे सोपे जाते. पोटच्या मुलाला आपण कोणाचे आहोत हे सिद्ध करण्याची वेळच येत नाही. दत्तक मुलाला ती येते, आणि बहुतेक वेळा घरात मयत झाल्यावरच येते.

ही स्थिती पालटण्यास मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल कारण झाला. १९९९ मध्ये डिसोझा नावाच्या ख्रिस्ती जोडप्याच्या अर्जावर न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी निकाल दिला की अनाथ, टाकलेल्या किंवा निराधार मुलाचा दत्तक जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ख्रिस्ती जोडप्यालाही न्यायालयामार्फत दत्तक घेता येईल. याचा रोख कोणाकडे आहे ते पाहा. न्यायालयाने मुलाचा हक्क आधी ठेवला. घर, नाव, आईबाप मिळणे हा त्या बाळाचा हक्क, आणि तो समाजाच्या धर्मावरून अडवता येणार नाही. पुढे बाल न्याय कायदा २००० मध्ये आला. २००६ च्या दुरुस्तीने त्यातील दत्तकाची तरतूद स्पष्ट झाली, आणि शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सांगितले की कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येते. आज २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे. त्याच्या कलम ६३ चा भावार्थ असा की दत्तकाचा आदेश झाला की ते मूल दत्तक आईबापांच्या पोटी जन्मल्यासारखेच मानले जाईल, मृत्युपत्र नसतानाच्या वारसाहक्कासह सर्व बाबतींत.

तरीही ज्यांनी १९९९ पूर्वी पालकत्वाच्या हुकमावर मुले वाढवली, ती मुले आज चाळिशी-पन्नाशीची आहेत, आणि त्यांचा कागद अजून तोच जुना आहे. आपल्या मंडळ्यांत अशी घरे आहेत. आईवडील हयात असतील तर त्यांनी मृत्युपत्र करावे. साक्षीदार दोन लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी. पाळकसाहेबांनी ही गोष्ट उपासनेनंतरच्या सूचनांत एकदा सांगितली तरी एखाद्या घराचे भांडण टळेल.

आपल्या समाजाला दत्तकाची गोष्ट परकी नाही, हेही सांगायला हवे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास काढला की कितीतरी घरांत एखादी आजी किंवा पणजी 'केडगावची' निघते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली व तरुण विधवा घेऊन आल्या आणि मुक्ती मिशन वाढले. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या. त्यांच्यातील पुष्कळजणींची लग्ने होऊन घरे उभी राहिली. अशा घरांची वंशावळ मागे मागे नेली की एका मुलीपाशी येऊन थांबते. तिच्या आईबापांचे नाव कोणालाच ठाऊक नसते. तरी तिच्या नातवंडांना आपण बिनघरचे आहोत असे कधी वाटले नाही. नाताळात चार पिढ्या एका पंगतीला बसतात, आणि ती पंगत तिच्यापासूनच सुरू झालेली असते.

अलीकडचे आणि सर्वांना माहीत असलेले उदाहरण लिसा स्थळेकरचे. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्म. ससून रुग्णालयाशी निगडित 'श्रीवत्स' या बालगृहात तिचे नाव लैला ठेवले होते. मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांची इंग्रज पत्नी स्यू यांनी आधी एक मुलगी दत्तक घेतलेली होती आणि या वेळी ते मुलाच्या शोधात आले होते. मुलगा मिळाला नाही, तीन आठवड्यांची ही मुलगी दिसली, आणि ते तिलाच घेऊन गेले. काही काळ अमेरिका, मग वडिलांच्या ख्रिस्ती सेवाकार्यासाठी केनिया, आणि शेवटी सिडनी. वडिलांनी तिच्या हाती क्रिकेटची बॅट दिली. एकदिवसीय सामन्यांत १,००० धावा आणि १०० बळी असा दुहेरी टप्पा गाठणारी ती जगातील पहिली महिला खेळाडू ठरली. ऑस्ट्रेलियाची कर्णधारही झाली. २०१३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर विश्वचषक जिंकून तिने निवृत्ती घेतली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तिला आपल्या मानाच्या यादीत घेतले.

तिच्याविषयीची एक गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते, तुम्हालाही आली असेल. त्यात जन्मदात्यांची मजबुरी, त्यांचे अश्रू, सगळे रंगवून लिहिलेले असते. हे मला खटकते. त्या आईविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही. ती रडली की नाही, ती दुष्ट होती की अगतिक होती, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जे ठाऊक आहे तेवढेच मला पुरेसे वाटते: ऑस्ट्रेलियाच्या धावफलकावर 'स्थळेकर' हे मराठी आडनाव बारा वर्षे झळकत होते. ते आडनाव आणि तो खेळ, दोन्ही तिला वडिलांकडून मिळाले.

याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण अरुण डोहले यांचे. १९७३ मध्ये पुण्यात जन्म, लहानपणीच जर्मनीत दत्तक. मोठेपणी त्यांनी आपल्या जन्माची नोंद मागितली. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अनेक वर्षांनी, २०१० मध्ये, आपल्या जन्मदात्रीला भेटले. कोणी म्हणेल, जर्मनीतल्या आईबापांनी काय कमी केले होते? हा प्रश्नच चुकीचा आहे. जन्माची माहिती हवी असणे म्हणजे वाढवणाऱ्यांवरचे प्रेम कमी असणे नव्हे. काहींना ती हवी असते, काहींना आयुष्यभर लागत नाही. एकाच घरात दत्तक आलेल्या दोन बहिणींपैकी एकीने चौकशी केली आणि दुसरीने "मला नको" म्हटले, असे मी स्वतः पाहिले आहे. आजच्या नियमांत १८ वर्षांनंतर दत्तक व्यक्तीला स्वतः अर्ज करून आपल्या मुळाची चौकशी करता येते. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल तर मात्र त्यांची संमती लागते.

पवित्र शास्त्रात या विषयावर पुष्कळ आहे आणि आपण ते घाईने वाचतो. मोशेचीच गोष्ट घ्या. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात फारोच्या मुलीने त्याला पाण्यातून काढले, आणि त्याला दूध पाजायला त्याचीच आई पगारावर आली. म्हणजे जन्म देणारी आणि वाढवणारी यांची एकमेकींशी भेट झालेली होती. मोठा झाल्यावर मोशे आपल्या भाऊबंदांकडे गेला, त्यांचे कष्ट त्याला पाहवले नाहीत. पण 'मोशे' हे नाव त्याला फारोच्या मुलीने दिले होते, आणि ते त्याने अखेरपर्यंत बदलले नाही. देवानेही झुडपातून त्याला त्याच नावाने हाक मारली. संत पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना 'दत्तकपण' हा शब्द वापरला. आमच्या थिऑलॉजीच्या वर्गात नीतिमान ठरवणे आणि पवित्रीकरण या दोन मोठ्या विषयांच्या मध्ये दत्तकपण दहा मिनिटांत उरकले होते. आता वस्तीवर फिरल्यावर कळते की पौलाला रोमी कायदा चांगला ठाऊक होता. रोमी दत्तकाला पोटच्या मुलाइतकाच वारसा मिळे. म्हणून पौल दत्तकपण म्हणतो आणि लगेच पुढे वारस म्हणतो. प्रेमाबरोबर त्याला कागदही आठवत होता.

मुलाला केव्हा सांगावे, हा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर असे की त्याला कळू लागण्याच्या आधीपासून. तीन-चार वर्षांच्या मुलाला 'आम्ही तुला आणायला गेलो होतो तेव्हा' अशी गोष्ट सांगायला काहीच अडचण नसते, आणि मूल ती गोष्ट पुन्हा पुन्हा मागते. वाढदिवसासारखा घरी आल्याचा दिवसही काही घरांत केक कापून साजरा होतो. ज्यांनी लपवले त्यांच्या घरी काय होते तेही मी पाहिले आहे. एका मुलाला नववीत असताना एका लग्नात दूरच्या मावशीकडून कळले. आईवडील माझ्याकडे आले ते रडतच. त्यांना वाटत होते की तो आता जन्मदात्यांना शोधेल. मुलाशी बोलले तेव्हा त्याने खऱ्या आईबापांविषयी एक शब्द विचारला नाही. त्याचा प्रश्न एवढाच होता: "कोणाकोणाला माहीत होते?" त्याने बोटावर मोजायला सुरुवात केली. आजी, दोन्ही काकू, शेजारचे, संडेस्कूलच्या बाई. सगळ्यांना माहीत होते आणि त्याला नव्हते. त्याच्या मते घर म्हणजे जिथे आपल्याविषयी आपल्याला सगळ्यांत आधी सांगतात ते. त्या दिवशी त्याला वाटले की तो पाहुणा आहे आणि बाकीचे घरचे आहेत. हे नीट व्हायला दोन वर्षे गेली.

मंडळीतील आपली जीभ यात फार काम करते. "किती मोठे पुण्य केलेत!", "पोरीचे नशीब उघडले", "आईबापांचे उपकार विसरू नकोस" ही वाक्ये प्रेमाने बोलली जातात, पण त्या मुलाच्या कानाला ती कर्जाच्या हप्त्यासारखी लागतात. पोटच्या मुलाला कोणी म्हणत नाही की तुला जेवायला घातले, आभार मान. दुसरे म्हणजे हा शब्दच आपण स्वस्त केला आहे. झाड दत्तक, गाव दत्तक, शाळेची फी भरली की विद्यार्थी दत्तक. देणगीदारांचे साहाय्य मोलाचेच आहे, पण त्याला दत्तक म्हणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. फी भरणे पुढल्या वर्षी थांबवता येते. ज्याला खरोखर दत्तक घेतले आहे असे मूल तो फलक वाचते आणि त्याला वाटते, मलाही थांबवता येईल काय?

आता आदिवासी वस्त्यांविषयी. आपल्या जिल्ह्यात नंदुरबार-पालघरसारखी आदिवासींची मोठी संख्या नाही. २०११ च्या जनगणनेत ती शेकडा दोनच्या आसपास होती. त्यामुळे त्यांच्या अडचणी कचेरीत कोणाच्या लक्षात येत नाहीत. १९५६ च्या दत्तक कायद्यातच असे म्हटले आहे की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे शेजारच्या मराठा किंवा बौद्ध कुटुंबाने दत्तकपत्र नोंदवले तर त्याला जो आधार मिळतो, तो भिल्ल किंवा आंध कुटुंबाच्या दत्तकपत्राला मिळत नाही. जमातीची रूढी सिद्ध करावी लागते. वस्तीवर मात्र लोक स्टॅम्प पेपरवर अंगठे घेऊन ठेवतात आणि काम झाले समजतात. तो कागद दत्तकविधान नव्हे.

भोकरदन तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवर दोन भावंडे काका-काकूंकडे आहेत. वडील ऊसतोडीच्या हंगामात अपघातात गेले, आई दुसऱ्या वर्षी आजारात गेली. तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता आणि मुलगी आठ महिन्यांची. काकांना स्वतःची दोन मुले. कोणी 'दत्तक' हा शब्द उच्चारला नाही, कोणी सभा भरवली नाही. काकूने मुलीला पाठीशी बांधले आणि मुलगा काकांच्या मागे शेरडांकडे जाऊ लागला. पाहुणा येईल तेव्हा ताट वाढावे, तशी दोन ताटे वाढली. फरक इतकाच की ती परत उचलली गेली नाहीत.

अडचण आली ती शाळेत आणि बँकेत. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, आधार, सगळीकडे पालकाची सही हवी. काका पालक आहेत याचा पुरावा काय? कोणीतरी त्यांना सल्ला दिला की दत्तक घेऊन टाका. कायद्याने ते शक्य आहे. बाल न्याय कायद्यात नातेवाइकांना नात्यातील मूल दत्तक घेता येते, मग धर्म किंवा जमात कोणतीही असो. नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. आपली दोन मुले असली तरी नात्यातील दत्तकाला आडकाठी नाही. 'कारा' या केंद्रीय दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवर नोंद करायची, जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत कागद पुढे जातात, आणि १ सप्टेंबर २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आदेश जिल्हाधिकारी देतात. मात्र पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती लागते.

मुलाने संमती दिली नाही. तो तेरा वर्षांचा आहे. घरात किती माणसे, असे विचारले की तो मेलेल्या आईबापांनाही मोजतो. दत्तक झाल्यावर वडिलांच्या रकान्यात काकांचे नाव येईल, हे त्याला समजावून सांगितले तेव्हा त्याने मान हलवली. "मग बाबाचे नाव कुठे लिहायचे?" असे म्हणाला. त्याचे काकांवर प्रेम नाही असे मुळीच नाही. काका कामाहून उशिरा आले तर तो जेवत नाही. त्याच्या बहिणीचे वेगळे आहे. तिला दुसरे आईबाप आठवतच नाहीत. ती काकूला आई म्हणते, आणि शाळेत तिने वडिलांच्या नावापुढे काकांचेच नाव लिहून दिले होते. एकाच छपराखाली, एकाच आईची दोन लेकरे, आणि घराचा अर्थ दोघांना वेगळा.

काकूच्या मनात होते की निदान मुलीचा तरी कागद करावा. काका ऐकेनात. "कागद केला तर दोघांचा, नाहीतर कोणाचाच नाही," एवढेच ते म्हणत राहिले. मलाही त्यांचे पटले. कागदावर ती बहीण-भाऊ राहणार नाहीत, चुलत होतील, हे त्या माणसाला शाळा न शिकता कळले होते.

म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. राज्य सरकारच्या सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मूल नातेवाइकांकडेच राहते, त्याचे नाव-नाते बदलत नाही, आणि दरमहा प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये मिळतात. बाल कल्याण समितीपुढे मुलांना उभे केले. गृहभेट झाली, आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले ग्रामपंचायतीतून काढण्यात तीन महिने गेले, पण प्रकरण मंजूर झाले. समितीच्या आदेशामुळे शाळेतील सहीचाही प्रश्न सुटला. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या ओळखीत नातेवाइकांकडे वाढणारी अशी मुले असतील तर दत्तकाच्या आधी हा मार्ग पाहावा. पुष्कळ ठिकाणी तोच बरोबर असतो.

ज्यांना नात्याबाहेरील मूल घ्यायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लग्नाला दोन वर्षे झालेली असावीत. दोन वर्षांखालील मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी, मोठ्या मुलासाठी ती मर्यादा वाढत जाते. लहान बाळासाठी तीन वर्षांहून अधिक थांबावे लागते. सहा-सात वर्षांची, भावंडांसह असलेली किंवा अपंग मुले मात्र वाट पाहत असतात, आणि त्यांना घ्यायला फार कमी घरे पुढे येतात. मूल घरी आल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, संस्थेचा कार्यकर्ता भेटीला येतो. त्याचा राग मानू नये.

आणि एक गोष्ट कळकळीने. दवाखान्यात किंवा वस्तीवर एखादी मुलगी अडचणीत सापडते, आणि कोणीतरी चांगल्या मनाने बाळ परस्पर एखाद्या निपुत्रिक जोडप्याला देते. ख्रिस्ती कार्यकर्त्यांकडूनही हे होऊ शकते. कायद्याने हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पैसे घेतले असतील तर शिक्षा अधिक. पण शिक्षेपेक्षा मोठी बाब अशी की त्या आईचा हक्क बुडतो. कायद्याप्रमाणे बाळ बाल कल्याण समितीकडे सोपवल्यावर आईला विचार बदलण्यासाठी ६० दिवस मिळतात. परस्पर दिलेल्या बाळाच्या आईला एक दिवसही मिळत नाही, आणि ते बाळ मोठे होऊन आपला कागद शोधू लागले तर कपाटात काहीच सापडत नाही. अशी वेळ आली तर १०९८ वर फोन करा. तो क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

भोकरदनच्या त्या घरी मी गेल्या महिन्यात गेले होते. योजनेचे पहिले हप्ते खात्यात जमा झाले आहेत. मुलगी आता सात वर्षांची आहे. दत्तकाचा विषय काकूने पुन्हा काढला, तेव्हा मुलगा म्हणाला की ती मोठी झाली की तिलाच विचारा. काकांनी मान डोलावली आणि शेरडे बांधायला उठले.